बुधरीची काच

तुमच्या घरातली बाई पाच महिने रक्तात भिजत पडली असती, तर तुम्ही तिला झोपडीत तसंच ठेवलं असतं? उगाच ‘नाही’ म्हणू नका. भामरागडपलीकडच्या आमच्या बुधरीला आम्ही तसंच ठेवलं.

बुधरी चाळिशीची. पाच बाळंतपणं झालेली, मोहफुलं वेचण्यात गावात पहिली, जिभेची तिखट. तिच्या माडिया गावात पाळी आलेली बाई कुर्म्यात, म्हणजे गावकडेच्या झोपडीत बसते. तिला कोणी शिवत नाही. रक्त थांबलं की नाहून घरी. जानेवारीत बुधरी कुर्म्यात गेली. रक्त थांबलंच नाही.

फेब्रुवारीत बायांच्या कर्करोग तपासणीचं शिबिर झालं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी बत्तीस बायांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना काचपट्ट्यांवर घेतला, नागपूरला पाठवायला. विटाळातली म्हणून बुधरीला कोणी आणलं नाही. यादी मी लिहीत होतो. मीही विचारलं नाही. जिच्यासाठी शिबिर, तीच यादीबाहेर!

मार्चमध्ये नर्स आशाबाई मला म्हणाल्या, “भाऊ, कुर्म्यात एकच बाई रोज दिसून राह्यली. तुम्ही पुढारी ना? तुम्हाले नाई दिसत?”

त्या सरळ आत शिरल्या. म्हातारी मंगली ओरडली, “बाई, बाटशील!”

“मंग मलेबी इथीच ठेवा. आंबील तरी फुकट भेटन.”

तांबी बसवायचं साधन उकळून, बॅटरीच्या उजेडात त्यांनी पाहिलं. पिशवीच्या तोंडाशी फुलकोबीसारखं मांस, लागताच रक्त. बाहेर आल्या त्या थेट डॉक्टरांकडे.

डॉक्टर म्हणाले, “डोळ्याला लाल दिसतं ते सगळं कर्करोग नसतं. तिचीही काच पाठवू, रिपोर्ट आला की नागपूरची चिठ्ठी देतो.” मी टेबलावर मूठ आपटली. पण माणूस खोटं बोलत नव्हता. जखम व्हायच्या आधीचा रोग काचच दाखवते. डोळ्याला दिसतो तो उशिराचा. पण काच टपालाने जाते, आणि डोळा इथंच असतो, हे त्यांना कोण सांगणार?

बुधरीचीही काच गेली. अडीच महिन्यांनी कागद आला : रक्त फार, नमुना वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.

तिचा नवरा लटारू म्हणाला, “काऊन भाऊ, रक्त जाते म्हणून तं पाठवली ना?”

मी कागद घडी करून खिशात घातला.

आज सात जून. पर्लकोटा नदी भरली की रस्ता बंद, मग दिवाळीपर्यंत कोण कुठं नेणार? बुधरी आता उठत नाही. काल कुर्म्याच्या दारातच मी आणि डॉक्टर भांडत होतो. ती आतून म्हणाली, “काच बरी का बॅटरी, ते तुम्ही पाहा. मले गाडी पायजे.”

येत्या शनिवारी तिला बाजेवर घालून नदी ओलांडतो, मिळेल त्या ट्रकने नागपूर गाठतो. चिठ्ठी नाही, रिपोर्ट नाही. नागपूरकरहो, तुमच्यापैकी कोणी एक जण त्याआधी मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, लाज सोडून खिडकीशी भांडा, आणि बुधरीसाठी एक खाट धरून ठेवा.