ताट कुणाचं

अर्झेला पेटवे अलाबामातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला सव्वीस वर्षं जेवू घालत होती. फुटलेले ओठ, निखळलेली बोटं, नाकात रक्ताळलेले बोळे, सगळं तिच्यासमोर ट्रे घेऊन रांगेत उभं राही. ते जेवण फक्त शिष्यवृत्तीवाल्यांचं. बाकीची पोरं मैदानात तेवढाच मार खात, पण त्यांना इथला घास दिला तर ती लाच ठरे आणि त्यांचं खेळणंच बंद होई.

डेमेट्रिक असा बिनशिष्यवृत्तीचा. कोचनी त्याला सांगितलं होतं, शनिवारी काट्यावर दोनशे तीस पौंड भरलास तर संघातल्या ब्रँटलीची शिष्यवृत्ती काढून तुला. पोरगा दिवसभर आपटला जाई आणि खोलीवर नूडल्स उकडून खाई. वजन उलट उतरत चाललं होतं.

मंगळवारी अर्झेलाला राहवलं नाही. सगळे गेल्यावर तिनं त्याला कोपऱ्यात बसवलं. तळलेली कोंबडी वाढली, मक्याचा पाव वाढला. तो मान वर न करता खात होता.

विसरलेली टोपी न्यायला ब्रँटली परत आला.

“फुकट्या, माझ्या जागी बसून गिळतोस?”

स्टीलचा ट्रे कडेला धरून त्यानं डेमेट्रिकच्या तोंडावर हाणला. सुकी फांदी मोडावी तसा जबडा वाजला. दुसऱ्या घावाला ट्रे वर गेला, तेव्हा अर्झेलाचा लोखंडी डाव ब्रँटलीच्या मनगटावर बसला. तो गुडघ्यांवर आला. ताटात, पावाशेजारी, डेमेट्रिकचे दोन दात पडले होते.

आवाजानं कोच धावत आले. रक्ताकडे त्यांनी नंतर पाहिलं, आधी ताटाकडे.

“मिस अर्झेला, इथं कोण जेवत होतं?”

तिनं रक्त उडालेली तंगडी उचलली आणि एक घास तोडला. खारट लागला. तो गिळून ती म्हणाली, “मी. कामाच्या वेळी खाल्लं की नोकरी जाते, ठाऊक आहे मला.”

खरं सांगितलं तर ट्रे का हाणला तेही सांगावं लागेल, म्हणून ब्रँटलीनं मनगट धरून मान डोलावली. कोचनाही तेच उत्तर सोयीचं होतं, डेमेट्रिकचं खेळणं त्यात वाचत होतं.

शनिवारी काटा दोनशे एकोणीसवर थांबला. रविवारी डेमेट्रिक तिच्या दारात आला, जबडा तारेनं बांधलेला. कोच वजन पुन्हा मार्चमध्ये करणार, असं त्यानं कागदावर लिहून दाखवलं.

अर्झेलानं कोंबडी रश्श्यासकट मिक्सरमध्ये घातली, मोठ्या ग्लासात ओतली, स्ट्रॉ खोचला.

“पी, बाळा. आता मी कॉलेजची कुणी नाही.”