तुळजाचा ग्रह

कुंभकोणमहून तुळजाच्या आईचा फोन आला, तेव्हा मी मेसमध्ये तिच्यासाठी डब्यात दहीभात भरून घेत होते. घरी गेलेली तुळजा त्या संध्याकाळी परत यायची होती. "सुनीता, तुळजा गेली," एवढंच काकू म्हणाल्या. नाचियारकोविलच्या रस्त्यावर लॉरीनं तिची स्कूटर उडवली होती... त्याला आता महिना उलटून गेला. लोक म्हणतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही, संताप येतो.

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. दूरच्या ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख बघायचे, हेच काम. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड जरासा कमी होतो, आलेखाला खळगा पडतो. मी साताऱ्याची, ती तंजावरी मराठी. तिच्या तोंडचं 'अस्के' म्हणजे 'सगळे', हे कळायलाच मला वेळ लागला. "अस्के तारे संगणकावर सोडतेस, मग डोळे कशाला ठेवलेस?" असे टोमणे मारायची. संगणकानं बाद केलेले तारे ती स्वतः पुन्हा बघत बसायची. अशाच एका टाकून दिलेल्या ताऱ्यात तिला दोन खळगे दिसले. आमचे गाइड म्हणाले, "यंत्राचा दोष असेल, वेळ घालवू नकोस." पण ही बया कसली हटते! तिसरा खळगा कधी पडेल तेही तिनं काढून ठेवलं. तीनदा दिसल्याशिवाय ग्रह म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

आईला मात्र तिनं आधीच सांगून टाकलं होतं. नवग्रहांच्या देवळांच्या मुलुखातली बाई ती! "नवा ग्रह? चांगला कीं वाईट?" असं घाबरून विचारलं, आणि देवळात जाऊन नऊ ग्रहांना दहा दिवे लावून आली. हे सांगताना तुळजा हसून हसून लोळली होती.

ती गेल्यावर तिसरा खळगा पडला, अगदी तिनं सांगितलेल्या दिवशी. सरांनी लगेच शोधनिबंध लिहिला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. तुळजा कुठे? तर शेवटी, आभारात! मी जाब विचारला. म्हणाले, "नियम आहे. पाठवण्याआधी सगळ्या लेखकांची संमती लागते. ती कशी देणार?" काही लाज? वारलेल्या माणसाच्या नावापुढे बारीक खूण करून नाव छापतात, हे यांना ठाऊक नाही होय? चांगलं ठाऊक आहे. 'यंत्राचा दोष' म्हणाले होते, ते कुणाला कळायला नकोय.

परवा मी कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैला तिच्या घरी गेले. तुळजा रोज दुपारी जेवण झालं की आईला फोन करायची. काकू अजूनही त्या वेळेला तिच्या खोलीत फोन मांडीवर घेऊन बसतात. मलाही शेजारी बसवलं.

"मज अस्कं सांगायची ती. आतां तूं सांग. तिचा ग्रह आला कीं?"

"आला, काकू."

"तिचं नांव आलं?"

मी माझा फोन काढला. तिथूनच सरांना फोन लावला. "सगळ्यांची संमती लागते ना, सर? माझी नाही. तुळजाचं नाव पहिलं लागेपर्यंत नाही."

"तुझी पीएच.डी. अजून व्हायचीय," ते म्हणाले.

"असू दे," म्हटलं, आणि फोन ठेवला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं होतं, म्हणून काकूंना मराठीत नीट समजावून सांगितलं, की नाव आलेलं नाही, आणि त्याशिवाय मी निबंध जाऊ देणार नाही.

त्यांनी मांडीवरचा फोन पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "तर दुपारीं मज फोन कर. नांव येईपर्यंत रोज कर."