दुसरं बोलावणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी हसलं की माझा धागा तुटतो, आणि धाग्यावरच माझं पोट आहे.

मी शिवणकाम करते. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडं एका लहानशा गावात माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पॅन्टची उंची कमी करायची, जाकिटाची चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं, असली कामं. पण त्या गावात मला कुणी कामावरून ओळखत नाही. ‘दोनदा बोलवावी लागते ती बाई’ म्हणून ओळखतात. दुकानाची पाटी लागायच्या आधी माझी ही कीर्ती झाली.

मूळची मी देवळाली प्रवराची, राहुरी तालुक्यातली. माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. ओसरीवर दाराला लागून माझी पायाची मशीन होती. समोरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, आणि ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई माप देऊन लगेच उठली असं कधी झालं नाही. मग चहा व्हायचा, तिच्या सुनेची तक्रार व्हायची, सून आली की सासूची व्हायची. मी वैतागायचे. म्हणायचे, देवा, एक दिवस असा दे की माझ्या दारात कुणी येणार नाही.

देवानं ऐकलं. आमच्या यांना गायींच्या गोठ्यावर नोकरी लागली, ती थेट न्यूझीलंडला. हे पहाटे गोठ्यावर जायचे आणि मी दाराकडं बघत बसायचे. दार बंदच. इथं सगळ्यांचीच दारं बंद. रस्ता इतका स्वच्छ आणि इतका मुका, की टपालवाल्याची गाडी थांबली तरी मी उठून उभी राहायचे. मला सगळ्यात जास्त आठवण कशाची यायची सांगू? कमलकाकीच्या हाकेची.

कमलकाकी म्हणजे आमची शेजारीण. गल्लीत बारसं असो की सत्यनारायण, बोलवायचं काम तिच्याकडं. आता तुम्ही शहरातले असाल तर हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्याकडं जेवायचं आवतण आलं म्हणून कुणी उठून जात नाही. आवतण म्हणजे नुसती वर्दी. पानं मांडली की बोलवणारं माणूस पुन्हा दारोदार येतं, ते खरं बोलावणं. त्यावरही लगेच उठायचं नाही. ‘तुमी व्हा पुढं, आमी आलोच’ म्हणायचं आणि आत जाऊन बसायचं. ते माणूस गल्लीच्या टोकाला जाऊन परत येतं आणि पुन्हा हाक मारतं, तेव्हा आपला मान राखून उठायचं. पहिल्या हाकेला उठते ती बाई हावरट, हा माझ्या आईचा कायदा. कमलकाकी दारात उभी राहून अशी हाक द्यायची, “वैशे, चल गं, पानं मांडली”, की मशीनची सुई थांबायची.

तर, घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा मी ठरवलं, दुकान काढायचं. दार रस्त्यावर उघडणारं. कुणी नाही तर निदान गिऱ्हाईक तरी आत येईल.

आमच्या घरासमोर मार्गारेटबाई राहायच्या. एकट्या, वय झालेलं, पाठ मात्र सरळ. त्यांच्या मालकीची, आमच्याच बाजूला कोपऱ्यावरची एक खोली रिकामी होती, पूर्वी त्यांच्या नवऱ्याचं बुटांचं दुकान होतं तिथं. तिला रस्त्याकडं मोठी काच होती. मी त्या काचेवर मन ठेवून बसले होते. पण एक कॉफीवालाही त्या खोलीच्या मागे लागला होता. मार्गारेटबाई म्हणाल्या, “शनिवारी सहाला जेवायला या दोघं. आपल्या रस्त्यावरचे सगळे येतील. त्यांची तुमची ओळख झाली की माझं ठरलंच समजा.”

म्हणजे बघा, ते जेवण माझ्यासाठी होतं आणि त्यावर माझं दुकान ठरणार होतं.

शनिवारी दुपारपासून मी पुरणपोळ्या केल्या, न्यायला म्हणून. ठेवणीतली साडी नेसले. यांनी लग्नातला कोट काढला, त्याचं बटण मी जागेवर लावून दिलं. सहा वाजायच्या आधी आम्ही दोघं कोचावर तयार होऊन बसलो. समोरच घर, खिडकीतून सगळं दिसत होतं. एकेक जोडपं चालत येत होतं, माणसं आत जात होती.

हे म्हणाले, “जायचं का गं?”

मी म्हटलं, “आवतन दिलंय. बोलावनं कुठं आलंय अजून?”

“ते बी खरं,” हे म्हणाले. शेवटी राहुरीचाच माणूस. वर म्हणाले, “आमचे दादा एकदा न बोलावता पंगतीत जाऊन बसले हुते. त्यांच्या तेराव्यापर्यंत लोक ते सांगत हुते.”

तरी खात्री करावी म्हणून आईला फोन लावला. तिकडं सकाळ होती, आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “गप बस. समोरच तर घर हाय, येतील की बोलवाया. पानंच मांडली नसतील अजून. आन् खिडकीत उभी राहू नको, भुकेली दिसशील.”

आईचं बरोबरच होतं. तेवढ्यात समोरच्या खिडकीत मार्गारेटबाई आल्या आणि आमच्या घराकडं बघायला लागल्या. आम्ही टपून बसलोय असं दिसायला नको म्हणून मी झटकन पडदा ओढला. हे माझ्यापेक्षा हुशार. यांनी उठून दिवाच घालवला.

अंधारात आम्ही दोघं, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा.

मग फोन वाजला. मार्गारेटबाई होत्या. “वैशाली, सगळं ठीक आहे ना? सगळे आलेत.”

मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, इथं बोलावणं फोनवर येत असेल, चालायचंच. आणि मी मोठ्या आदबीनं सांगितलं, “तुम्ही सुरू करा. आमच्यासाठी अजिबात थांबू नका.”

मग त्या म्हणाल्या, “नक्की?”

“नक्की, नक्की.”

फोन ठेवला तर हे अंधारातून म्हणाले, “झ्याक बोललीस. आता दुसरं बोलावनं आलं की निघू.”

त्या दुसऱ्या बोलावण्याची आम्ही वाट बघितली. समोर काटे-चमच्यांचा आवाज, हसणं, मग दारातले निरोपाचे आवाज. एकेक दिवा गेला.

“पंगत उठली वाटतं,” हे म्हणाले.

आम्ही त्या पोळ्या खाल्ल्या. कोट आणि ठेवणीतली साडी घालून, आपल्याच स्वयंपाकघरात. आमच्या गल्लीत भांडण असलेल्या घरालासुद्धा दुसऱ्यांदा हाक जाते हो. म्हटलं, आपण या लोकांचे कोण? उगाच आलो एवढ्या लांब. यांनी पाठीवर हात ठेवला तर मी आणखीच रडले.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात मार्गारेटबाई, हातात चंदेरी कागदानं झाकलेल्या दोन ताटल्या. चेहरा माझ्यापेक्षा पडलेला.

“मी काही चुकीचं बोलले का?” त्या म्हणाल्या. “तुमच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या ठेवल्या होत्या. मला वाटलं तुमचं मन बदललं. त्या कॉफीवाल्याला उद्या खोली बघायला बोलावलंय मी.”

मी म्हटलं, “आम्ही तयार होऊन बसलो होतो. तुम्ही बोलवायची वाट बघत.”

“पण मी बोलावलं होतं. शनिवारी, सहाला.”

“ते आवतण.”

“मग फोन केला.”

“ते पहिलं बोलावणं.”

मार्गारेटबाई दाराची चौकट धरून खाली पायरीवरच बसल्या. “पोरी,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडं माणसाला जेवायला घालायचं तर किती वेळा बोलवावं लागतं?”

मग मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पानं, कमलकाकी, हावरट बाई, आईचा कायदा. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, “म्हणजे कुणीतरी खरंच दारापर्यंत चालत येतं? प्रत्येक वेळी?” मी म्हटलं, येतं. त्यांनाही कुणी बोलवायला येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. कॉफीवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवलं, आणि खोली मला मिळाली.

इथं किस्सा संपला असता तर मी शहाणी ठरले असते.

उद्घाटनाचा दिवस ठरला. आता मात्र मी पक्कं ठरवलं होतं, इथल्या लोकांच्या रिवाजानं वागायचं. जिथं जावं तिथलं पाणी प्यावं. प्रत्येक दारात जाऊन सांगून आले, रविवारी अकराला या. बस, एकदाच. सकाळी नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू वाहिलं, शिरा केला, बटाटेवडे तळले. खुर्च्या मांडल्या. काच अशी पुसली की आहे की नाही कळेना.

अकरा वाजले. कुणी नाही.

म्हटलं, येतील. ही माणसं घड्याळाची.

कुणी नाही. वडे गार झाले. हे खुर्च्या सरळ करत होते, सरळच असलेल्या. मी आईला व्हिडिओ लावून दिला होता, दुकान बघायला म्हणून ती पहाटेची उठून बसली होती. मोबाईलमधून म्हणाली, “मानसं कुठं हायेत गं?”

“येतायत,” मी म्हटलं, आणि मोबाईल भिंतीकडं फिरवला. मला तिला माझं तोंड दाखवायचं नव्हतं. खरं सांगते, त्या वेळी मी मनात बॅग भरली होती. ओसरीवरची मशीन झाकून ठेवलीय, कापड काढलं की झालं, इथपर्यंत पोचले होते.

आणि तेवढ्यात मला समोर मार्गारेटबाईंच्या खिडकीचा पडदा हललेला दिसला.

नीट बघितलं. पडद्याआड मार्गारेटबाई, निळा झगा, गळ्यात मोती, मांडीवर पर्स, कोचावर तयार होऊन बसलेल्या. मी बघितलं तशा त्या झटकन मागं सरकल्या. शेजारच्या घरात बघितलं तर तिथले आजोबा टाय लावून उभे, तेही मागं सरकले. पलीकडच्या खिडकीतला दिवा गेला.

आता कळलं का तुम्हाला? मला कळायला जरा वेळ लागला. मार्गारेटबाईंनी अख्ख्या रस्त्याला शिकवून ठेवलं होतं, या लोकांच्यात बोलावणं आल्याशिवाय जायचं नसतं, बिचारीचा अपमान होईल. आणि मी इथं त्यांच्या रिवाजानं दुकानात बसलेली. दोन्हीकडची शहाणी माणसं, वडे मात्र गार.

मी तशीच धावत सुटले. मार्गारेटबाईंचं दार वाजवलं आणि तोंडातून इंग्रजी निघेचना. निघालं ते, “चला हो, पानं मांडली!”

शब्द त्यांना कळले नसतील. हाक कळली. ताठ उभ्या राहून, मोठ्या आदबीनं त्या म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढं. आम्ही आलोच.” आणि दार लावून घेतलं.

बाई, तेही त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं! प्रत्येक दारात तेच उत्तर. टायवाले आजोबा तर पाठ केल्यासारखं बोलले, त्यांच्या मागून बायको शब्द पुरवत होती. मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत येताना पुन्हा हाका मारत आले, ठेवणीतल्या साडीचा घोळ हातात धरून. आणि या वेळी दारं उघडली. एकापाठोपाठ एक. त्या मुक्या रस्त्यावर माणसंच माणसं झाली.

सगळे आत जाऊन बसले. हे वाढायला लागले. काचेतून मला सगळं दिसत होतं. आई दिसत होती तो मोबाईल कुणीतरी हातात घेतला होता आणि आई राहुरीच्या मराठीत त्यांना आग्रह करत होती, “घ्या की वो, लाजू नका.” गार वड्याला कुणी नाव ठेवत नव्हतं.

आणि मी बाहेर रस्त्यावर उभी. का म्हणून विचारा. अहो, मला आत कोण बोलावणार? सवयच तशी. स्वतःच्या दुकानाच्या दारात, स्वतःच्या उद्घाटनाला, मी बोलावण्याची वाट बघत उभी होते. आणि वाट बघत होते कमलकाकीची, जी सात समुद्रांपलीकडं त्या वेळी झोपलेली असणार.

मार्गारेटबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग उठल्या, दार उघडून बाहेर डोकावल्या आणि हातानं खूण करत म्हणाल्या, “वैशाली, चल.”

आता रिवाज काय सांगतो? ‘तुमी व्हा पुढं’ म्हणायचं. मान राखायचा. एवढं रामायण त्यासाठीच तर झालं होतं.

पण मी पहिल्याच हाकेला पळत आत गेले. आणि मोबाईलमधून आई सगळ्यांसमोर ओरडली, “हावरट!”