मामांचा तांबूस

देवानं एकच रंग मन लावून केला आणि बाकीचे उरलेल्या वेळात उरकले, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत एकच होता. तो माझ्या बायकोचा मामा, आणि तो रंग तांबूस. कुणी तांबडा म्हटलं की मामा खवळायचे. तांबडी मिरची; तांबूस म्हणजे भारद्वाजाचे पंख, नुकत्या जन्मलेल्या वासराचे कान. हा रंग सावलीत लपतो, उन्हात कळतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा कराडला जाणारी सर्व्हिस मोटार त्यांनी भर रस्त्यात थांबवली, कारण काय, तर बाभळीवर भारद्वाज बसलेला. ड्रायव्हर शिव्या घालू लागला, तर त्यालाच खाली उतरवून पंख दाखवले. घरी कोंबडीसुद्धा तांबूसच. ती अंडी घालत नव्हती, पण तिला कापायची छाती कुणाची नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही शिराळ्याला मुलगी बघायला गेलो. तिचे केस जन्माचे तांबूस. आलेले पाहुणे त्यापायी परत जायचे, म्हणून आईनं तेलात काजळ खलून तिचं डोकं काळंभोर केलेलं. आम्ही पोहे खातोय तोवर मामा आले, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, तर तळवा काळा झाला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला, परसात तिला डोकं धुवायला लावलं आणि ओल्या केसांनिशी अंगणात उन्हात उभी केली. आत तिची आई तोंडाला पदर लावून रडत होती.

"पाव्हणं, काळं फासून पोर द्यायची न्हाई आमाला. उनात बगा, मग व्हय-न्हाई सांगा."

माझे वडील तडकले. "आमी सून बगाय आलोय, बैल न्हाई."

"बैल आसता तर तुमाला दिलाच नसता," मामा म्हणाले.

वडील काठी घेऊन उठलेच. पोरगी मान खाली घालून उभी. केस वाळत होते तसतसा रंग वर येत होता. वडिलांपुढं मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणालो, "आबा, मला पसंत हाय."

मामा जाऊन लय वर्षं झाली. हिला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. शिकलेल्यांसारखं मला सांगता येत नाही, पण माझा संसार झाला तो त्या माणसाच्या आगाऊपणामुळं. नाहीतर चारचौघींसारखीच एक म्हणून आम्ही पोहे खाऊन उठलो असतो, ती काजळ लावून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेली असती, आणि मला कळलंही नसतं.

न्हाल्यावर केस वाळवायला ती अंगणातल्या दगडावर बसायची. शेवटी डोकं सगळं पांढरं झालं, तरी बसायची. तिथं मी बसत नाही. परवा सकाळी ऊन आलं आणि त्या दगडावर भारद्वाज उतरला. पंख पसरून उन्हाला बसला. मी चहा गार होऊ दिला.