म्हशीच्या गाण्याची नोंद

ते गाणं लागलं की अजून माझे हात थांबतात. महाडच्या स्टँडवर, कुणाच्या वरातीत, पोलादपूरला चहा पिताना शेजारच्या टेम्पोत, कुठंही. आजूबाजूचे ताल धरतात आणि मी आपला शेवट कधी येतो म्हणून घाम पुसत बसतो. शेवटी आवाज हळूहळू उतरतो आणि गाणं संपतं. म्हणजे लोकांचं संपतं. माझ्या डोक्यात तो माणूस पुढं गातच राहतो, कारण पुढचं कडवं मी ऐकलेलं आहे आणि ते कापलं ते मीच.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला बाजारपेठेत माझं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत गाद्या टांगून रेकॉर्डिंगची सोय केली होती. गणपतीच्या आधी डोंगरातली बाल्या नाचाची मंडळं खाली उतरायची आणि आपली गाणी भरून न्यायची. त्यात कुडपणचं एक मंडळ आलं. त्यांची गाणी रचणारा तिशीचा, काटक, स्वतः म्हशी राखणारा. गाणं त्याच्याच म्हशीवर होतं. तिला साहेबलोकांसारखी हवा खायची हौस येते, ती दावं तोडून महाबळेश्वरला निघते, आणि हा आंबेनळी घाटात, धुक्यात तिला हाका मारत फिरतो. ‘म्हस गेली घाटावरी, दावं माज्या हाती.’ मध्येच तो अशी खरी हाळी घालायचा की माझ्या खोलीत काटा आला होता अंगावर. बाकीचे हसत होते. मला हसू आलं नाही, का ते तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या कडव्यात म्हैस सापडते. तो तिला आपलं नाव सांगतो, गुरूचं सांगतो, गावाचं सांगतो, आणि ती ओळख पटून मुकाट मागं वळते. बाल्या नाचात गाणं रचणाऱ्याची सही ती एवढीच असते, शेवटच्या कडव्यात. कागदावर कोण लिहून ठेवतोय?

कॅसेटची बाजू अर्ध्या तासाची. हे गाणं बाजूच्या शेवटी येत होतं आणि मिनिटभर जास्त झालं होतं. पुन्हा गायला लावलं असतं तर सगळं काम लांबलं असतं, आणि बाहेरच्या बाकड्यावर दुसरं मंडळ ढोलकी मांडीवर घेऊन खोळंबलेलं. प्रत काढताना मी शेवटच्या कडव्याच्या आधीच आवाज उतरवत नेला, सिनेमाच्या गाण्यात करतात तसा. वर स्वतःवरच खूश झालो. पूर्ण गाणं होतं त्या मूळ टेपवर पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी भजन भरलं.

कॅसेटी न्यायला तो मंडळाबरोबर आला. मी लावून दाखवली. गाणं संपल्यावर तो हसतच म्हणाला, “दादा, माजी म्हस घरी नाय आली.”

मी तापट माणूस. चूक दाखवली की आधी माझं डोकं फिरतं, मग चूक दिसते. म्हटलं, “तू गायलास तेवढं भरलंय. कडवं विसरलास स्वतः, आणि आता माझ्या मशीनला नावं ठेवतोस?”

मंडळातले सगळे त्याच्याकडे बघायला लागले; त्या दिवशी इतकी गाणी भरली होती की कुणालाच नक्की सांगता येईना. मग तो म्हणाला, “आसंल बुवा. इसरलो आसंन.” आणि कॅसेटी पिशवीत भरून निघून गेला. त्याला ते खरंच वाटलं होतं. हे मला जास्त छळतं.

गाणं मग असं चाललं की विचारू नका. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट. पुढं मुंबईच्या एका कंपनीनं ते काढलं आणि वेष्टनावर छापलं, ‘पारंपरिक’. सगळ्या प्रतींत शेवट माझाच, आवाज उतरत जाणारा. दुकानात बसून मी फुशारकी मारायचो की त्या गाण्याची खरी मजा त्या शेवटातच आहे. गाणं रचणारा तो कावीळ होऊन गेला, पुरता चाळिशीचाही नव्हता. मी मातीला गेलो नाही.

दोन हजारनंतर आमच्या वाचनालयानं महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांचा एक कोश करायला घेतला. गावं, घाट, सव गावचे गरम पाण्याचे झरे, देवळं, कलावंत, सगळ्याच्या नोंदी. संपादक एक निवृत्त हेडमास्तर. गाण्यातलं कळतं म्हणून मलाही समितीत घेतलं. म्हशीच्या गाण्याला स्वतंत्र नोंद द्यायची की बाल्या नाचाच्या नोंदीत एका ओळीत उरकायचं, यावर तीन रविवार गेले. हेडमास्तर म्हणाले, “गाजणं वेगळं आणि नोंद वेगळी. रचणारा कोण ते ठरल्याशिवाय स्वतंत्र नोंद नाही. आज तीन मंडळं म्हणतायत गाणं आमचंच. मंडळाची साक्ष मंडळाला चालायची नाही.” त्यांचं काही चूक नव्हतं.

तिसऱ्या रविवारी त्या गाणं रचणाऱ्याची बायको आली. वाचनालयाच्या ओट्यावर बसून होती. मी चप्पल काढताना म्हणाली, “दादा, तुमीच भरलंवतं गानं. नाव लागंल ना? पोरगा मुंबयला सांगतो माज्या बापाचं गानं हाय, तर लोक हसतात त्याला.” मग जरा थांबून म्हणाली, “घरात रोज गायचे वो ते कडवं. तुमच्याकडंच कसे इसरले?”

मी बघू म्हणालो आणि आत गेलो.

आत हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर मला सरळ विचारलं, “मंडळाबाहेरचे साक्षीदार तुम्ही एकटेच. शेवटचं कडवं होतं का? कुणाचं नाव होतं त्यात? तुम्ही लिहून द्या, मी आत्ता स्वतंत्र नोंद देतो.” त्यांनी कागदही पुढं सरकवला.

लिहून देणं म्हणजे कडवं मी कापलं हे कबूल करणं. शिवाय वर खोटं बोलून एका माणसाला त्याच्याच मंडळात खाली बघायला लावलं, हेही. महाडच्या बाजारात तोंड दाखवायचं होतं मला. मी म्हणालो, “फार वर्षं झाली, सर. आठवत नाही.”

आणि ते कडवं तेव्हाही, त्या क्षणीही, डोक्यात चालू होतं, अक्षर न अक्षर.

कोश छापून आला. बाल्या नाचाच्या नोंदीत शेवटून दुसरी ओळ होती, ‘या भागातील म्हशीचे गाणे विशेष गाजले, रचनाकार अज्ञात.’ आठवड्याभरात त्याची बायको दुकानात आली. पिशवीत माझ्यासाठी घरचं तूप, आणि हातात वाचनालयातून घेतलेली कोशाची प्रत. “मला वाचाय येत नाय, दादा. तुमी वाचा.”

मी वाचलं. नाव घातलं, गुरूचं घातलं, कुडपण घातलं, कडव्यात होतं तसंच सगळं ओळीत बसवलं. माझा आवाजही कापला नाही. तिनं विचारलं, “नाव कुटं हाय त्येंचं?” मी तिचं बोट धरून शेवटच्या शब्दावर ठेवलं. ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसली होती.

त्या वर्षी गणपतीत तिनं आग्रहानं घरी बोलावलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. जीप जाते तिथवर गेलो, पुढं धुक्यातून चालत. एक म्हैस कुठं तरी ओरडली आणि मी भर दुपारी दचकून उभा राहिलो. घरात गणपतीशेजारी पाटावर कोश उघडून ठेवला होता. सुनेनं त्या एका शब्दावर हळदकुंकू वाहिलं होतं. ‘अज्ञात’वर. प्रसाद मी रुमालात बांधून घेतला.

निघालो तेव्हा मुलगा जीपपर्यंत सोडायला आला. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला, गिरगावात कुठल्या तरी हाफिसात शिपाई. घर मागं पडल्यावर म्हणाला, “मी वाचलंय, दादा. आल्या दिवशीच वाचलं.”

मनात म्हटलं, आता हा गचांडी धरणार, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

“तुमी आईला वाचून दाखवलंत ना, तसंच मी पन वाचतो,” तो म्हणाला. “रोज सांजचं वाचायला लावते. तुमचे लय उपकार झाले. दुसऱ्या कुनी खरं सांगून टाकलं असतं.” जीप आली. त्यानं माझी पिशवी आत ठेवली, वाकून पाया पडला. “आमचा बापूस कडवं इसरला, त्याला तुमी तरी काय करनार?”

मी मान हलवली आणि जीपमध्ये बसलो.