एरर शून्य

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे टेपबाई म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. इमारत दोन मजली. खाली प्लास्टरची धूळ, तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि दिवसभर किंचाळणारी घासायची यंत्रं. वर कचेरी. या दोहोंच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, कपाटापेक्षा जेमतेम मोठी अशी एक थंडगार खोली होती. तिच्यात सर्व्हर, टेपचं मशीन आणि एक स्टूल. उन्हाळ्यात सगळ्यांना तिचा हेवा वाटे, थंडीत सगळे तिची कीव करत.

काम दिसायला सोपं होतं. कचेरीतल्या आणि कार्यशाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवरच्या फायली रात्री टेपवर उतरायच्या. मग मशीन ती टेप सुरुवातीपासून पुन्हा वाचायचं आणि टेपवरची प्रत मूळ फायलीशी ताडून बघायचं. ही पडताळणी. सकाळी एक पानाचा अहवाल यायचा. टेपबाई तो छापायची, वाचायची, खाली सही करायची आणि टेप लोखंडी कपाटात ठेवून दुसरी घालायची. सहीच्या वर एक ओळ आधीच छापलेली असे: ‘बॅकअप पूर्ण, पडताळणी झाली.’

हे काम तिला दादांनी शिकवलं. दादा म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. ती तेव्हा नोंदणीच्या खिडकीत नावं टाइप करत बसायची. एकदा दादांनी तिला छापलेल्या यादीतली चूक पेनाने खुणा करून दाखवताना पाहिलं आणि म्हणाले, “ही खिडकीत बसायची बाई नाही.” तिला सख्खा भाऊ नव्हता. दादांनी तिला पहिल्या दिवसापासून ‘धाकटी’ म्हटलं. “एरर आली की लगेच घाबरायचं नाही, धाकटे,” ते सांगायचे. “आधी शेवटपर्यंत वाचायची. मग घाबरायचं.” तिचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा महिनाभर दादांनी स्वतः तिच्या टेपा बदलल्या आणि रोज संध्याकाळी फोन करून सांगितलं, “तुझं मशीन मजेत आहे. तू घरचं बघ.” घरात तिच्या तोंडी दादांचं नाव इतकं असायचं, की नवरा म्हणे, “एकदा त्यांच्याकडेच राहायला जा, म्हणजे आम्हालाही जरा विश्रांती.”

या सगळ्या कारभारात एकच फाईल खोडसाळ होती. ती मापकाकांची.

मापकाका खालच्या मजल्यावरचे सगळ्यात जुने कारागीर. पाय गमावलेल्या माणसाचं माप तेच घेत. उरलेल्या पायाचा घेर चार-चार बोटांवर, गुडघ्याची उंची, माणूस भार टाकतो कुठे, चालताना झुकतो कुणीकडे. जुना पाय झिजला, फुटला, की याच मापांवरून नवा बनायचा. माणसाला पुन्हा लांबून यावं लागत नसे. वीस वर्षांची मापं एका फायलीत. काकांचा कॉम्प्युटरही त्यांच्याच वयाचा वाटायचा. तो प्रोग्रॅम उघडायला इतका वेळ घेई, की काका तो कधी बंदच करत नसत. जाताना नुसता पडदा विझवायचे. आणि उघडी असलेली फाईल मशीनला टेपवर घेता येत नसे. रोज सकाळी अहवाल पिवळा: ‘फाईल वापरात आहे, वगळली.’

“काका, जाताना बंद करून जात जा ना.”

“बंद केलं तर सकाळी ते उघडेपर्यंत मी म्हातारा होईन, बाई.”

“आणखी किती होणार?”

“तेच बघायचंय मला,” काका म्हणाले आणि फाईल उघडीच राहिली.

शेवटी ती दादांकडे गेली. पिवळे अहवाल वरपर्यंत जात होते आणि दादांनाही ते खुपत होते. “मी बघतो,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी अहवाल हिरवा आला. एरर शून्य. त्या दिवशी टेपबाई खालपासून वरपर्यंत सांगत सुटली, की जे मशीनच्या कंपनीला जमलं नसतं ते दादांनी एका संध्याकाळात केलं. काकांनीही मान डोलावली. पुढे तीन वर्षं एकही पिवळा दिवस उगवला नाही. दादांच्या खोलीत एक तक्ता लागला, सगळा हिरवा. पाहुणे आले की त्यांना तो दाखवला जाई.

मग एका सकाळी काकांच्या कॉम्प्युटरमधून खडखड आवाज आला आणि पडदा काळा झाला. डिस्क गेली होती.

काका जिन्याच्या वळणावर आले तेव्हा त्यांचा चेहरा प्लास्टरहून पांढरा होता. टेपबाई हसली. “काका, चहा पिऊन या. तुमचा कप रिकामा होईपर्यंत फाईल जागेवर.”

तिने कालची टेप घातली. यादी उघडली. काकांच्या कॉम्प्युटरचं नाव होतं, त्याखाली पत्रं होती, जुनी चित्रं होती. मापांची फाईल नव्हती. परवाची घातली. मागच्या आठवड्याची. महिन्याची. गेल्या वर्षाची. दादांचं वाक्य आठवून तिने प्रत्येक यादी शेवटपर्यंत वाचली. मग घाबरली. चहा पिऊन आलेले काका दारात उभे होते, आणि ती त्यांच्याकडे न बघता टेपा बदलत होती. दुपारी एकदाची ती फाईल सापडली, पाच वर्षांपूर्वीच्या एका टेपवर. त्या आठवड्यात काकांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून कॉम्प्युटर बंद होता. त्यानंतरच्या पाच वर्षांचं, दोन पिवळ्या आणि तीन हिरव्या, काहीच नव्हतं.

“म्हणजे किती माणसं?” तिने विचारलं.

“चारशेच्या वर,” काका म्हणाले. “त्यात पोरं किती तरी.” ते तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग तिने मशीनच्या सेटिंग उघडल्या. टेपवर काय घ्यायचं त्याची एक यादी असते आणि काय घ्यायचं नाही त्याची दुसरी. तात्पुरत्या, टाकाऊ फायलींसाठी असते ती. त्या दुसऱ्या यादीत एकच ओळ होती: मापांची फाईल. पुढे तारीख होती, ज्या दिवशी ती दादांकडे गेली होती त्याच दिवसाची. आणि नाव दादांचं.

त्यांनी काही दुरुस्त केलंच नव्हतं. मशीनला फक्त सांगितलं होतं, की ही फाईल मोजूच नकोस. जे टेपवर गेलं ते बरोबर आहे का, एवढंच पडताळणी सांगते. जे गेलंच नाही त्याबद्दल ती बिचारी काय बोलणार? तिने तीन वर्षं ज्या शून्याखाली सही केली, ते शून्य खरंच होतं.

दादांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले. “हो. मीच टाकली ती ओळ. दोन दिवसांपुरती म्हणून. मग राहून गेलं.”

“तीन वर्षं?”

“राहून गेलेल्या गोष्टी तशाच राहतात, धाकटे. उद्या बैठक आहे. मी बोलतो ना. तू काळजी करू नकोस.”

ती खरंच काळजी न करता घरी गेली. सासूबाईंना मात्र सगळं सांगावंच लागलं. त्यांचा जन्म कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेला होता. “मी शिवण उलटून बघितल्याशिवाय एका शर्टावर शिक्का मारला नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, शिवण बरोबर होती हो. बाहीच नव्हती.”

“अस्सं! म्हणजे बिनबाहीचा शर्ट तपासून पास केलास. हुशार आहेस.”

“दादा उद्या सांगणार आहेत, त्यांनी केलं म्हणून.”

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. “सांगतील तर देवमाणूस,” म्हणाल्या.

बैठक मोठ्या बाईंच्या खोलीत होती. कार्यशाळेचा सगळा कारभार त्यांच्याकडे, म्हणून मोठ्या बाई. टेबलावर तीन वर्षांच्या अहवालांचा गठ्ठा होता, प्रत्येक पानावर टेपबाईची सही. मोठ्या बाईंनी एक पान उचललं. “ही जबाबदारी कुणाची?”

टेपबाई दादांकडे बघत राहिली. ते गठ्ठ्याकडे बघत होते.

“रोजची पडताळणी ऑपरेटरकडे असते,” दादा म्हणाले. “ऑपरेटरने सही केली की आम्ही ते धरून चालतो.”

ऑपरेटर. क्षणभर तिला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत.

“दादा,” ती म्हणाली, “ती ओळ...”

“कुठली ओळ?” मोठ्या बाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. वगळायची यादी, तारीख, नाव. मोठ्या बाई उठल्या, सगळे जिन्याच्या वळणावर आले. खोलीत मावत नव्हते म्हणून काका दारात थांबले. तिने सेटिंग उघडल्या. वगळायची यादी कोरी होती.

दादा भिंतीवरच्या तापमापकाच्या काट्याकडे बघत होते, जणू तो पहिल्यांदाच दिसला. ओळ पुसलेली बघून टेपबाईला जेवढा धक्का बसला, तेवढा फाईल नाही हे कळल्यावरही बसला नव्हता. रात्री केव्हा तरी, घरी बसून किंवा इथे येऊन, त्यांनी ती शोधली होती आणि काढली होती. उद्या मी बोलतो म्हटल्यानंतर.

पण मग तिला आठवलं, की मशीनच्या स्वतःच्या सेटिंगही इतर फायलींसारख्याच रोज टेपवर जातात. तिने कपाटातून परवाची टेप काढली. वाचायला तिला अर्धा तास लागला. मोठ्या बाई स्टुलावर बसून होत्या, जागचं कुणी हललं नाही. शेवटी पडद्यावर जुनी यादी आली. त्यात ती ओळ होती. तारीख होती. दादांचं नाव होतं.

“आता?” मोठ्या बाई दादांकडे वळून म्हणाल्या.

दादांनी घसा खाकरला. आवाज अगदी शांत होता, शिकवताना असायचा तसा. “नाव माझं आहे. पण माझा पासवर्ड यांनाही माहीत आहे. यांचे वडील आजारी होते तेव्हा, घरून काम बघता यावं म्हणून मीच दिला होता. विचारा त्यांना.”

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “खरं आहे?”

खोटं बोलायला एक श्वास पुरला असता. “खरं आहे,” टेपबाई म्हणाली.

“अहो, ती कशाला टाकेल असली ओळ?” दारातून काका ओरडले. “अक्कल आहे का कुणाला इथे?” पण काकांच्या बोलण्याची नोंद होत नसते.

निर्णय तीन ओळींचा आला. नेमकी जबाबदारी निश्चित करता येत नाही. दोघांनाही समज देण्यात येत आहे. चारशे माणसांना पुन्हा मापासाठी बोलावण्यात यावं. टेपबाईने तो शेवटपर्यंत वाचला. त्यात कुठेही चूक नव्हती.

चार दिवसांनी दादा जिना उतरून तिच्या खोलीच्या दारात आले. चेहरा मोकळा होता. “सुटलो बघ दोघं. समज म्हणजे काय, एक कागद. फायलीत जातो आणि मरतो. मला नोकरीची चार वर्षं राहिलीत, धाकटे. तुझं वय आहे. तुला काय फरक पडतो?”

ती फोन नंबरांची यादी घेऊन निघाली होती. थांबली. “एक विचारू? बाबा आजारी असताना तो पासवर्ड दिलात, तेव्हाच असं काही मनात होतं का तुमच्या?”

दादांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढं त्यांना बैठकीत कशानेच लागलं नव्हतं. “छे छे! काय बोलतेस? तेव्हा मनापासून दिला होता. तुझी शपथ.”

तिला ते पटलं. खोटं असतं तर तिला निदान म्हणता आलं असतं, की हा माणूस आधीपासूनच असा होता. आता तेही म्हणता येत नव्हतं. महिनाभर टेपा बदलणारा, रोज संध्याकाळी फोन करणारा, तो हाच होता.

“बाजूला व्हा,” ती म्हणाली. “काका वाट बघताहेत. सात जण मापाला आलेत आणि पहिल्या बाईला परतीची गाडी पकडायचीय.”

जिना अरुंद होता. दादा पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले, आणि ती त्यांना अंगाचा स्पर्श होऊ न देता खाली उतरली.