थोराबाईंची शिवण

थोरा एंगेब्रेट्सन विधवा झाली आणि मिनेसोटाची थंडी सोडून लॉस एंजेलिसला बहिणीकडे आली. वीस वर्षं तिनं लाकूडतोड्यांच्या पाटलोणी शिवल्या होत्या. एकही उसवून परत आली नव्हती. त्या जोरावर १९१६ साली तिला तिथल्याच एडनडेल भागातल्या एका विनोदी मूकपटांच्या स्टुडिओत शिवणकाम मिळालं.

पहिल्याच दिवशी लेस्टर प्रुइट नावाचा अगडबंब नट चित्रीकरणात कुंपणावरून उडी मारून पळणार होता. खिळ्यात थोरानं शिवलेली पाटलोण अडकून टर्रकन फाटायची होती. लेस्टरनं उडी मारली. कुंपण आडवं झालं, पाटलोण शाबूत.

"बाई, पाटलोण फाटायला हवी होती, कुंपण नव्हे!" दिग्दर्शक क्रँडल ओरडला.

"फाटकीच हवी होती तर मला कशाला बोलावलंत? कुणीही शिवून दिली असती."

दुसऱ्या दिवशी तिनं नाक मुरडत नुसता धावदोरा घातला. लेस्टर जेवायला बसतानाच ती पाटलोण उसवली. तो दुपारभर टेबलाचं फडकं गुंडाळून फिरला. त्याची ती अवस्था पाहून थोराला मात्र कामाची चाड वाटू लागली. वाईट शिवायचं तर तेही नीट शिवायला हवं. आठवडाभर तिनं जुनी पोती शिवली आणि फाडली. शेवटी पाटलोणीच्या मागच्या शिवणीला चार बोटं कच्चा टाका आणि दोन्ही टोकांना पक्की टीप, अशी युक्ती बसली. फाटायचं तिथंच फाटे, पुढे एक सूत नाही.

मग नऊ वर्षं नट तिच्यापुढे रांग लावत. ती गंभीरपणे विचारी, "ओणवं होताना, की उडी मारताना?"

बहिणीनं एकदा तिला बळंच थिएटरात नेलं. लोक हसून लोळत होते.

"तुला हसू नाही आलं?" बहिणीनं डोळे पुसत विचारलं.

"दोरा एक छटा फिका पडलाय."

लेस्टरचं लग्न ठरलं तेव्हा तो लग्नाच्या पाटलोणीसाठी काळं कापड घेऊन आला. टोपी चाळवत म्हणाला,

"थोराबाई, ही... फाटायची नाही."

"कळलं. वाक."

तिनं दुहेरी टीप घातली. चर्चमध्ये लेस्टर गुडघे टेकायला वाकला, तसा अख्खा स्टुडिओ बाकांवर पुढे झुकला. काही झालं नाही. लेस्टर उठला. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला.

"वाया गेला प्रसंग," क्रँडल पुटपुटला.

"गप बसा," थोरा म्हणाली.

बाहेर आल्यावर लेस्टरनं तिचे दोन्ही हात धरले. "बाई, इतकी माणसं मला बघत होती आणि कुणीच हसलं नाही हो!"

थोरानं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, आणि नवरीला जाऊन सांगितलं की पाटलोण धुताना गरम पाणी वापरू नकोस.